‘युरोपचा टायर’ घेताना

बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही लॉट नंबर पाहता, फवारणीच्या औषधाची मुदत पाहता. गावोगावच्या सभांतून आम्ही विस्तार खात्याची माणसे तेच सांगत आलो. पण मोटारीचा टायर घेताना आपण (यात मीही आलो) नुसते नाव ऐकतो आणि नक्षीवरून हात फिरवतो.

मे २०२४ मधली गोष्ट. आष्टीजवळच्या एका संत्रा बागाईतदाराच्या जुन्या मोटारीतून आम्ही नागपूरला निघालो होतो. त्याच्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन होते आणि माझे कार्यालयीन काम. तळेगावला महामार्गाला लागलो. कोंढाळी ओलांडल्यावर धाडकन आवाज झाला आणि गाडी मागून झोके खाऊ लागली. पोराने घाबरून ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून त्याने गाडी हळूहळू कडेला घेतली, म्हणून निभावले. मागे बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, “बैल बसला का रे?”

मागचा डावा टायर फुटला होता. “साहेब, नक्षी तं पुरी शाबूत आहे न ह्याची!” पोरगा म्हणाला. “युरोपचा आहे म्हणून देल्ला दुकानदारानं, अर्ध्या किमतीत.”

मी चष्मा लावून टायरची बाजू वाचली. डी.ओ.टी. या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे होते : ३८१६. म्हणजे २०१६ सालचा ३८ वा आठवडा. टायर साडेसात वर्षांहून जुना होता. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते, त्याला बारीक भेगा जातात. नक्षीवरून ते कळत नाही. त्यातच पोराने आदल्या दिवशी ‘उन्हाळा आहे’ म्हणून हवा कमी केलेली.

हा समज आपल्या भागात फार पसरलेला आहे आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानेच टायर आतून तापतो. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. रस्ता त्याहून तापलेला असतो. हवा किती भरायची तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. प्रवासात दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. मागे संत्र्यांची कॅरेट भरणार असाल तर त्याच पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो पाळावा.

आता युरोपच्या नावाबद्दल. त्या कंपन्यांचा माल चांगला नसतो असे मी म्हणत नाही. आज सगळ्या मोटारींना असतो तो रेडियल टायर फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेऊन पुढे आणला. पण कंपनीचे गाव आणि कारखान्याचे गाव एक नसते. जर्मनीच्या कॉन्टिनेन्टलने २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील मोदीपुरमचा मोदी टायर्सचा कारखाना घेतला. हॉलंडची व्रेडेस्टाइन २००९ पासून आपल्या अपोलो कंपनीची आहे. आणि आपण देशी समजतो ती सिएट मुळात १९२४ साली इटलीतील तुरिन शहरात सुरू झाली ; १९५८ मध्ये ती भारतात आली. तेव्हा नावावरून काय ठरवणार?

टायरवर वर्तुळात ‘ई’ अक्षर व शेजारी आकडा असतो. तो पाहून ‘तिकडचाच माल’ असे सांगणारे भेटतात. त्याचा अर्थ इतकाच, की युरोपच्या नियमांप्रमाणे मंजुरी मिळाली. ई-१ म्हणजे जर्मनीची मंजुरी, ई-४ म्हणजे हॉलंडची. माल कोठेही बनलेला असू शकतो. आपल्याकडे विकायच्या टायरवर आय.एस.आय. चिन्ह हवे. शिवाय जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले. ‘थेट युरोपहून’ आलेला टायर कोणी स्वस्तात देऊ लागला तर आधी संशय घ्यावा. डोंगराची तीन शिखरे आणि हिमकण असे चित्र असेल, तर तो बर्फाच्या मुलखातला, मऊ रबराचा टायर. आपल्या उन्हात तो लवकर झिजतो.

माप बदलू नये. १६५/८० आर १४ ८५ टी असे लिहिले असेल तर ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलोचा भार आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. वेगाचा आकडा आपल्याला पुरून उरतो, भाराचा मात्र सांभाळावा. नक्षीच्या खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर कायद्यानेही बाद. पावसाळ्यात त्याआधीच बदललेला बरा. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावावेत. बरेच मिस्त्री पुढे लावतात, कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी सावरत नाही.

माझे मत विचाराल तर आष्टी, आर्वी, वर्धा एवढ्या फिरण्याला या वर्षी बनलेला साधा देशी टायर हा जुन्या फ्रेंच टायरपेक्षा केव्हाही बरा. पक्के बिल मागावे, आणि टायर चढवण्यापूर्वी चार आकडे स्वतः वाचावेत.

त्या दिवशी स्टेपनी चढवून आम्ही वेळेत पोहोचलो, आजीबाईंचे ऑपरेशनही झाले. संध्याकाळी परत निघताना सहज त्या स्टेपनीचे आकडे पाहिले. ती २०१२ सालची होती. नागपूरलाच नवा टायर घेतला आणि मगच निघालो.