टायफॉइडचा ताप गेला, पण जंतू गेले का? बरं झालेल्यांनीही जरूर वाचा

ताप उतरला, तोंडाला चव आली, माणूस कामाला लागला, की घरच्यांना वाटतं टायफॉइड गेला. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण टायफॉइड झालेल्या दर शंभरातल्या साधारण १ ते ५ जणांच्या शरीरात त्याचे जंतू वर्षानंतरही जिवंत राहतात. अशा व्यक्तीला डॉक्टर 'वाहक' म्हणतात. वाहकाला स्वतःला ना ताप असतो, ना अशक्तपणा.

जंतू लपतात कुठे?
मुख्यतः पित्ताशयात. तिथे खडे असतील तर जंतू त्यावर चिकट थर करून बसतात. या थरात औषध नीट पोचत नाही. पुढे पित्तासोबत ते आतड्यात उतरतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. टायफॉइडचे जंतू गाई-म्हशींत राहत नाहीत, त्यांचं घर फक्त माणूस.

दुसऱ्याला कसे लागतात?
शौचानंतर साबणाने हात न धुता स्वयंपाक केला की जंतू अन्नात जातात. उकळत्या भाजी-आमटीत ते मरतात. धोका असतो तो कोशिंबीर, ताक, कापलेली फळं यांसारख्या न शिजवता वाढायच्या पदार्थांत. शौचाची घाण विहिरीत किंवा फुटक्या पाइपलाइनमध्ये झिरपली, तर अख्खं गाव आजारी पडू शकतं.

न्यूयॉर्कची स्वयंपाकीण
मेरी मॅलन ही अमेरिकेतली स्वयंपाकीण. १९०६ मध्ये ती काम करत असलेल्या घरातल्या ११ पैकी ६ जणांना टायफॉइड झाला. ती मात्र ठणठणीत! १९०७ मध्ये तिला पकडून बेटावर एकटं ठेवलं. पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये सोडलं. पण १९१५ मध्ये ती नाव बदलून एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सापडली. तिथे २५ जणांना लागण झाली होती. १९३८ मध्ये मरेपर्यंत ती बेटावरच राहिली. आपण आजारी नसताना आपल्यामुळे रोग पसरतो, हे तिला कधी पटलंच नाही.

काय करावं?
• बरं वाटलं तरी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका.
• टायफॉइड होऊन गेलेल्या आचारी, अंगणवाडी मदतनीस, हॉटेल कामगारांनी डॉक्टरांना विचारून शौचाची कल्चर तपासणी करावी. विडाल टेस्टवरून वाहक ठरवता येत नाही.
• शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा.
• पाणी उकळून प्या. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर वेळेवर पडते का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

वाहक निघाला म्हणून कुणाला वाळीत टाकू नका. मेरीच्या काळी यावर औषध नव्हतं. आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे औषध घेऊन बहुतेक वाहक जंतूमुक्त होतात.