काचबिंदू : लेझरनंतरची सहा वर्षे

मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो आणि गेलेली नजर परत मिळते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातील द्रवाचा निचरा मंदावतो, आतील दाब बहुधा वाढतो आणि मेंदूकडे दृश्य नेणाऱ्या दृष्टिचेतेचे तंतू कायमचे निकामी होऊ लागतात. सुरुवातीस कडेची दृष्टी जात असल्याने रुग्णाला बराच काळ काहीच जाणवत नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे दाब कमी करणारे थेंब, रोज आणि बहुधा जन्मभर. दुखत नाही, थेंबांनी दिसण्यात फरकही पडत नाही. मग कंटाळा आला तर नवल ते काय?

निचऱ्याच्या मार्गातील जाळीवर आर्गॉन लेझर वापरण्याची पद्धत वाइझ व विटर यांनी १९७९ साली मांडली. तिच्यात जाळी काही प्रमाणात भाजली जाई. पुढे १९९० च्या दशकात मार्क लॅटिना यांनी विकसित केलेले ‘एसएलटी’ तंत्र सौम्य आहे. त्याचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच असतो आणि जाळीतील रंगद्रव्ययुक्त पेशींवरच परिणाम करतो. उपचार बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत आटोपतो.

परंतु हा परिणाम टिकतो किती? ब्रिटनमधील ‘लाइट’ चाचणीत ७१८ नवे रुग्ण घेण्यात आले. काहींना प्रथम लेझर, तर काहींना प्रथम थेंब देण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सहा वर्षांच्या निष्कर्षांनुसार, लेझर गटातील सुमारे ७० टक्के डोळ्यांचा दाब थेंबांशिवाय व शस्त्रक्रियेशिवाय आटोक्यात होता. काहींना मात्र लेझर पुन्हा द्यावे लागले. निचऱ्याची शस्त्रक्रिया लेझर गटात १३ डोळ्यांवर, तर थेंबांच्या गटात ३२ डोळ्यांवर करावी लागली. आजार बळावण्याचे प्रमाणही अनुक्रमे सुमारे २० व २७ टक्के होते. थेंब पुरेनासे झाल्यावरच लेझर, हा जुना क्रम आता फेरविचारास पात्र ठरतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये बहुतेक नव्या रुग्णांसाठी प्रथमोपचार म्हणून लेझरचीच शिफारस केली.

मात्र हे आकडे खुल्या कोनाच्या, प्रामुख्याने सुरुवातीच्या अवस्थेतील आजाराचे आहेत. आशियात तुलनेने अधिक आढळणाऱ्या बंद कोनाच्या प्रकारात वेगळे लेझर वापरून डोळ्यातील रंगीत पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडतात. आपला प्रकार कोणता, हे कोनाच्या तपासणीनंतर नेत्रतज्ज्ञच सांगू शकतात. लेझरचा परिणाम कालांतराने ओसरू शकतो. म्हणून थेंब बंद झाल्यावरही दाब, दृष्टिचेता व दृष्टिक्षेत्र यांची नियमित तपासणी आवश्यक असते. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना हा आजार होण्याचा संभव अधिक असल्याने त्यांनीही डोळे तपासून घ्यावेत.