खाल्ल्या मिठाचा हिशेब

पैशासाठी लढणारा पैशासाठीच फितूर होतो, हा भाडोत्री सैनिकावरचा जुना आरोप. मॅकियाव्हेलीने ‘द प्रिन्स’मध्ये तो ठासून मांडला आणि तेव्हापासून तो सहसा कोणी तपासून पाहत नाही. ग्लेन कुक या अमेरिकी लेखकाची १९८४ सालची ‘द ब्लॅक कंपनी’ ही अद्भुतरम्य कादंबरी मात्र दोष दुसरीकडे दाखवते. करार होतो एका धन्याशी, पण दरबारात धनी अनेक असतात. शिपायाचे इमान डळमळते ते या फटीत. कुक आरमारात होते, पुढे जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या गोष्टीत वीरश्रीपेक्षा चाकरीचा सूर जास्त लागतो, तो बहुधा त्यामुळेच. निवेदक क्रोकर हा ‘ब्लॅक कंपनी’ या भाडोत्री पलटणीचा वैद्य आणि बखरकारही. बेरिल शहराच्या सिंडिकची चाकरी नकोशी झाली, तरी करार मोडणे पलटणीच्या परंपरेत बसत नाही. मग उत्तरेकडून आलेल्या वकिलाशी आतून संधान बांधले जाते, सिंडिकच्या मरणाला पलटणीचा हातभार लागतो आणि करार आपोआप संपतो. कागद शाबूत राहतो, इमान जाते. आणि क्रोकरला ते डाचत राहते. उत्तरेत तर पेच वाढतोच. ‘लेडी’ या सम्राज्ञीचे मांडलिक जादूगार एकमेकांच्या जिवावर उठलेले. पलटणीला चाकरीत घेणारा तो वकील सोलकॅचर आणि दुसरा मांडलिक लिंपर यांच्या वैरात ती प्याद्यासारखी वापरली जाते, आणि शेवटी कळते की सोलकॅचर ही लेडीची सख्खी बहीण असून तिचा डोळा सिंहासनावरच होता. इतके दिवस पाळलेला हुकूम नेमका कोणाचा होता?

जादूगारांच्या गोष्टीवरून इतिहासाबद्दल काय बोलायचे, असा आक्षेप कोणी घेईल. पण इथली जादू म्हणजे दरबारी सत्ताच: तलवारीला न पेलणारी, म्हणून शिपायाला कोणाच्या तरी आश्रयाला ढकलणारी. इटलीत कार्मान्योला मिलान सोडून व्हेनिसकडे आला, १४२७ मध्ये त्याने मिलानचाच पराभव केला, आणि १४३२ मध्ये व्हेनिसनेच फितुरीच्या आरोपावरून त्याचे डोके उडवले. फ्रान्चेस्को स्फोर्झा मात्र मिलानच्या ड्यूकचा जावई झाला आणि १४५० मध्ये स्वतःच ड्यूक. मॅकियाव्हेलीला यात शिपायाचा स्वभाव दिसतो. मला तरी दरबाराचा दिसतो. आपल्याकडचा दाखला त्याहून बोलका आहे. इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या चाकरीत होता, तरी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्यापायी जिवाला मुकला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून केला तोही सुमेरसिंगाच्या गारद्यांनीच. पेशा तोच, नाव तेच. फरक इतकाच की पानिपतावर धनी कोण याविषयी शंका नव्हती. वाड्यात मात्र सत्तेसाठी भांडणारे चुलते-पुतणे दोघेही पेशवे घराण्याचे.

आता यातून शिपाई सुटतो का? नाही. कादंबरीत डार्लिंग नावाच्या मुक्या-बहिऱ्या मुलीचे रहस्य क्रोकरला उमगते, ती म्हणजे लेडीची भावी वैरीण; आणि तो लेडीला ते कळू देत नाही. तिथे करार त्याने स्वतःहून मोडलेला असतो, कोणाच्या चिथावणीने नव्हे. पुढच्या दोन भागांत पलटण लेडीला सोडून डार्लिंगच्या बाजूला जाते, आणि लेडीचा नवरा, जुना जुलमी डॉमिनेटर, परतू पाहतो तेव्हा त्याच लेडीशी हातमिळवणी करते. या वेळी मात्र कोणाबरोबर उभे राहायचे ते पलटण स्वतः ठरवते.