तालुक्याचे दप्तर आणि विद्यापीठाचे दालन

लेखांक सहावा : सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यास

गेल्या आठवड्यात आपण अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार केला. त्याच ओघात आज ज्या विषयाकडे वळावयाचे, त्याचे ‘सार्वजनिक धोरण’ हे नाव आपल्याकडे नवे वाटत असले, तरी त्यामागील व्यवहार कवठे महांकाळच्या माणसाला मुळीच परका नाही. पावसाळा कोरडा गेला म्हणजे यंदा पिकांची पैसेवारी किती लागते याकडे ज्या तालुक्याचे डोळे लागतात, ती पन्नास पैशांच्या आत आली की महसुली सवलतींची वाट मोकळी होते हे जेथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि म्हैसाळहून उपसलेले कृष्णेचे पाणी कालव्याला केव्हा सुटणार, हा प्रश्न जेथील पारावर दरसाल नव्याने निघतो, त्या तालुक्यात धोरणाची ओळख पुस्तकाच्या आधी शिवारात होते.

मग विद्यापीठात जाऊन शिकावयाचे ते काय? माझ्या मते, तक्रारीची दरखास्त कशी करावी, हे. ‘आम्हांला पाणी मिळत नाही’ ही तक्रार झाली. ती खरी असते, कळवळ्याची असते, परंतु कचेरीच्या दारात ती अनेकदा तशीच विरून जाते. म्हैसाळ योजनेचेच पाहा. नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवून दुष्काळी माळावर आणावयाचे म्हणजे पंप अहोरात्र चालले पाहिजेत, आणि त्या विजेचे बिल कोणी भरावयाचे या एका प्रश्नापायी पाणी वर्षानुवर्षे अडून राहिले. पुढे शासनाने ८१ टक्के व लाभधारक शेतकऱ्यांनी १९ टक्के भार सोसावा, अशी तजवीज झाली. हे प्रमाण न्याय्य आहे काय, द्राक्षबागाइतदार आणि ज्वारी पेरणारा कोरडवाहू खातेदार यांच्यावर ते सारखेच पडते काय, कालव्याच्या शेवटच्या टोकाला असणाऱ्याने न मिळालेल्या पाण्याची पट्टी का भरावी, आणि हाच पैसा अन्यत्र वेचला असता तर अधिक कल्याण साधले असते काय, हे प्रश्न क्रमाने मांडून त्यांची पुराव्यानिशी उत्तरे शोधण्याची विद्या ती धोरणविद्या होय. म्हणूनच तिच्या अभ्यासक्रमात अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र, कायदा आणि प्रशासन, योजनांचे मूल्यमापन आणि न्यायाचा तात्त्विक विचार अशी अंगे एकत्र नांदतात.

या विद्येची महाराष्ट्रातील परंपरा थोडीथोडकी नाही, आणि तिचे धागे आपल्या जुन्या सातारा जिल्ह्याशी जवळून गुंतलेले आहेत. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली ती साताऱ्याच्या रावबहादुर काळे यांच्या देणगीतून. आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी करून १९४८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कालव्याचे मोल केवळ सरकारी तिजोरीत जमा होणाऱ्या पाणीपट्टीवरून न ठरविता त्या मुलखाच्या शेतीवर आणि एकंदर व्यवहारावर झालेल्या परिणामांवरून मोजण्याचा प्रयत्न होता. साताऱ्याच्याच सरकारी शाळेत १९०० साली ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर, म्हणजे मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यामधील पैशाच्या वाटणीवर होता. साताऱ्यात जन्मलेले वि. म. दांडेकर यांनी नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याची जी मीमांसा केली, तिच्यात ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामे मोठ्या प्रमाणावर काढावीत, असा आग्रह होता.

आणि नेमक्या याच ठिकाणी अभ्यासकाची लेखणी व तालुक्याचा अनुभव यांची गाठ पडते. कवठे महांकाळच्या शेजारच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्या ग्रामस्थाला काम देणे हे सरकारचे कर्तव्य मानावे, ही त्यांची कल्पना प्रथम तासगावच्या भूमीवर प्रयोगरूपाने आजमावली गेली, १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. कल्पना उदात्त होती; परंतु तिला टिकविले ते तिच्या रचनेने. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर आली, आणि खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवून शहरातील नोकरदाराच्या पगारातील लहानसा हिस्सा खडी फोडणाऱ्या मजुराच्या रोजंदारीशी जोडण्यात आला. हक्क कोणता, तो न पाळल्यास दंड कोणता आणि पैसा कोठून, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच मांडणीत असल्यामुळेच ही योजना सरकारे बदलली तरी उभी राहिली, आणि २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यासमोर होता.

व्यावहारिक गोष्टी थोडक्यात सांगतो. या अभ्यासासाठी बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. कला, शेतकी वा अभियांत्रिकी यांपैकी कशाचाही अडसर नाही. पवईच्या आयआयटीत धोरण अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र आहे, बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, आणि परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अर्जासोबत हेतूचे निवेदन मागतात. ते लिहिताना देशसेवेची मोघम भाषा टाळावी आणि आपल्या गावचा एक प्रश्न त्याच्या आकड्यांसह मांडावा. इंग्रजी आणि गणित यांची धास्ती पुष्कळांना असते. या दोन्ही गोष्टी परिश्रमाने साध्य होतात. अग्रणी नदीचे पात्र कोरडे पडलेले पाहून मनात उठलेला प्रश्न मात्र कोणत्याही विद्यापीठात शिकविला जात नाही. तो घरूनच न्यावा लागतो.

म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षात असणाऱ्या मुलामुलींना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस काढून तहसील कचेरीत जा, आपल्या गावची गेल्या दहा वर्षांची पैसेवारी मागून घ्या, ती वहीत उतरवा आणि घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवून त्यांची आठवण व सरकारी आकडा यांचा मेळ बसतो का, ते विचारा. जेथे मेळ बसणार नाही, तेथून तुमचा अभ्यास सुरू करा.