‘सरासरी’ला न जुमानणारे कण : सौरवाताचे गणित आणि उपग्रहांची सुरक्षा

शंकर नगर (रायपूर) : दूरदर्शन केंद्रामुळे परिचित असलेल्या रायपूरच्या या वसाहतीत गच्चीगच्चीवर डिश अँटेना दक्षिणेकडील आकाशाकडे रोखलेल्या दिसतात. येथील मराठी कुटुंबांना ‘सह्याद्री’ वाहिनी दिसते ती याच मार्गाने. हे प्रक्षेपण ज्या भूस्थिर उपग्रहांवरून येते, ते विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. ती जागा रिकामी नाही. पृथ्वीभोवतालच्या बाह्य किरणोत्सारी पट्ट्याचा तो सीमाप्रदेश असून तेथे विद्युतभारित कणांचा सतत वावर असतो. या कणांपैकी मूठभर अतिवेगवान कणच उपग्रहांना सर्वाधिक धोकादायक ठरतात. ते किती असतील, याचा अंदाज बांधणे हा सांख्यिकीय भौतिकीतील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे होऊन वावरतात, अशा पदार्थस्थितीला प्लाझ्मा किंवा आयनद्रायू म्हणतात. सूर्याकडून अखंड वाहणारा सौरवात हा असाच प्लाझ्मा आहे. त्याचा वेग साधारणतः सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. पृथ्वीजवळ त्याची घनता मात्र एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण इतकीच असते. प्रत्येक कणाचा स्वतंत्र माग काढणे अशक्य असल्याने शास्त्रज्ञ कोणत्या वेगाचे किती कण आहेत, याचे वितरण मांडतात.

खोलीतील हवेसाठी हे काम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये केले. हवेतील रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा परस्परांवर आदळतात. या टकरींमुळे ऊर्जेची सतत देवाणघेवाण होते. फार वेगवान झालेला रेणू लवकरच इतरांच्या पंक्तीत येतो. परिणामी बहुतेक रेणू सरासरीच्या आसपास राहतात आणि अतिवेगवान रेणूंची संख्या अत्यंत झपाट्याने शून्याकडे जाते.

अवकाशात हा समतोल साधणारी टक्करच दुर्मीळ आहे. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या १५ कोटी किलोमीटरच्या प्रवासात सौरवातातील कणाची दुसऱ्या कणाशी प्रभावी टक्कर सरासरी एखादीच होते. कणांवर हुकूमत चालते ती विद्युत व चुंबकीय क्षेत्रांची आणि त्यांतील लहरींची. अशा लहरी किंवा धक्कालहरी एखाद्या कणाला वेग देऊन गेल्या, तर तो वेग हिरावून घेणारे फारसे कोणी नसते. त्यामुळे वितरणाच्या आलेखाला वेगवान कणांच्या बाजूने लांब ‘शेपूट’ उरते.

कृत्रिम उपग्रहांनी मोजलेल्या इलेक्ट्रॉनांच्या नोंदी मॅक्सवेलच्या सूत्रात बसत नाहीत, हे १९६०च्या दशकात स्पष्ट झाले. १९६८ मध्ये स्टॅनिस्लॉ ओल्बर्ट आणि व्हिटेनिस व्हॅसिल्युनस यांच्या लेखनातून नवे सूत्र पुढे आले. त्यातील ग्रीक अक्षरावरून त्याला ‘कप्पा वितरण’ म्हणतात. कप्पाचे मूल्य फार मोठे असेल, तर हे सूत्र मॅक्सवेलच्या सूत्राशी जुळते. मूल्य दीडच्या जवळ सरकू लागले, की शेपूट अधिकाधिक जाड होते.

हा फरक किरकोळ नाही. समान तापमानाचे दोन प्लाझ्मा घेतले, एक मॅक्सवेलच्या नियमाने वागणारा आणि दुसऱ्यात कप्पा तीन, तर सरासरीच्या दहापट ऊर्जेपाशी दुसऱ्यात कणांची घनता पहिल्याच्या सुमारे साडेपाचशे पट भरते. सरासरीच्या वीसपट ऊर्जेपाशी हेच प्रमाण तेरा कोटी पटींच्या पुढे जाते. म्हणजेच केवळ तापमानावरून धोक्याचा अंदाज केला, तर तो पूर्णपणे फसू शकतो.

कप्पा वितरण केवळ सोयीचे सूत्र आहे की त्यामागे मूलभूत तत्त्व आहे, यावर दीर्घकाळ चर्चा झाली. ब्राझीलमध्ये कार्यरत असलेले भौतिकशास्त्रज्ञ कॉन्स्टँटिनो त्सालिस यांनी १९८८ मध्ये एन्ट्रॉपीची व्यापक व्याख्या सुचवली. दूरवरचे कणही परस्परांशी निगडित असतील, तर कप्पासारखे वितरण त्या व्याख्येतून निघते, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले.

शेपटीतील कण काय करू शकतात, याचा अनुभव कॅनडाने जानेवारी १९९४ मध्ये घेतला. ‘अनिक ई-१’ आणि ‘अनिक ई-२’ या दळणवळण उपग्रहांवरील नियंत्रण काही तासांच्या अंतराने सुटले. उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कवच भेदून आतील भागांत साचले आणि विद्युतभार अचानक मोकळा झाल्याने मंडल बिघडले, असे कारण सांगितले गेले. दुसऱ्या उपग्रहाला सावरण्यास कित्येक महिने लागले.

भारताची या क्षेत्रातील परंपरा जुनी आहे. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण दाखवणारी ती नोंद आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. त्या वेधशाळेचा वारसा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी मुंबईतून अवकाशातील प्लाझ्माचे संशोधन करते.

२ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेले ‘आदित्य-एल १’ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत पोहोचले. त्यावरील, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘ॲस्पेक्स’ उपकरण सौरवाताबरोबरच या शेपटीतील कणांचीही मोजणी करते. सेकंदाला ५०० किलोमीटर वेगाचा सौरवात तेथून पृथ्वीपर्यंत येण्यास सुमारे ५० मिनिटे घेतो. संवेदनशील यंत्रणा सुरक्षित स्थितीत नेण्यासाठी उपग्रहचालकांना मिळणारा अवधी तेवढाच असतो. त्या अवधीत घ्यावयाचा निर्णय मात्र सरासरी कणांवरून नव्हे, तर शेपटीतील मूठभर कणांच्या हिशेबावरून घ्यावा लागतो.