मला न येणारा मिऱ्याचा वास

लेबल झाकलेल्या पांढऱ्या वाइनला पांढऱ्या मिरीचा वास आला की ग्र्यूनर फेल्टलिनर म्हणायचे, हे वाइन चाखायला शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच सांगितले जाते. ऑस्ट्रियात सर्वांत जास्त लागवड याच द्राक्षाची आहे. मला ते तीनदा चुकले. शेजारचे ‘मिरी, मिरी’ म्हणत आणि मला लिंबाच्या सालीपलीकडे काही सापडत नसे. सराव कमी पडतो आहे, असेच मी समजत होतो.

२००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शिराझ वाइनला मिऱ्याचा वास देणारे द्रव्य ओळखले. त्याचे नाव रोटंडोन. पुढे ते ग्र्यूनरमध्येही आढळले. रेड वाइनमध्ये ते लिटरमागे १६ नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. मात्र त्याच अभ्यासात सुमारे २० टक्के लोकांना पाण्यात लिटरमागे ४००० नॅनोग्रॅम असूनही ते कळले नव्हते. हे वाचले आणि घरातले काळे मिरे कुटून हुंगले, कारण त्यांतही रोटंडोन भरपूर असते. मिऱ्याचा तिखटपणा पिपरिनचा. तो जिभेला लगेच झोंबला. वासही आला, काहीसा लाकडासारखा. पण इतरांना येतो तो हाच का, हे ठरवायचे कसे? जन्मभर मिरपूड खाऊनही हे कळले नसते.

मग मी जिभेवर भिस्त ठेवली. ग्र्यूनरची आंबट धार चांगली असते, पण घोट गिळल्यावर मागे किंचित कडवटपणा रेंगाळतो, कोवळ्या मुळ्यासारखा. कधी कच्च्या मटाराची आठवण होते. रीसलिंगमध्ये तो कडवटपणा सहसा नसतो. तिचा आंबटपणा अधिक टोकदार, वास फुलांचा, आणि जुनी झाली की चक्क रॉकेलचा. सोव्हिन्यों ब्लांक तर पेला नाकाशी नेण्याआधीच ओरडून नाव सांगते. खरी पंचाईत वाखाऊ खोऱ्यातल्या पिकलेल्या, भारदस्त ग्र्यूनरची. ती शार्दोनेसारखी गोलाई धरते. २००२ साली लंडनमध्ये झाकून घेतलेल्या एका गाजलेल्या चाचणीत तर ग्र्यूनरने बरगंडीच्या नामवंत शार्दोनेंनाही मागे टाकले होते.

परीक्षेच्या कागदावर ‘मिरी’ लिहिले की गुण मिळतात, हे मला ठाऊक आहे. मी ‘मुळा’ लिहितो. गेल्या खेपेला सहा पेल्यांत दोन ग्र्यूनर होत्या. एक ओळखली, दुसरीला मी रीसलिंग म्हणालो.