मेदनिवारण

मेदनिवारण : शरीरात साठलेल्या अतिरिक्त मेदाचे प्रमाण आहार व व्यायाम यांच्या योजनाबद्ध उपयोगाने कमी करण्याच्या क्रियेस मेदनिवारण म्हणतात. वजन घटणे व मेद घटणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. घटलेल्या वजनात पाणी, यकृत व स्नायू यांतील ग्लायकोजेन आणि खुद्द स्नायूंचे ऊतक यांचाही वाटा असतो. वजन उतरू लागल्यावरही ओटीपोट, कंबर, नितंब व मांड्या येथील त्वचेखालचा मेद बहुधा सर्वांत शेवटी हटतो. त्यास व्यवहारात ‘हट्टी चरबी’ असे म्हणतात. विशिष्ट व्यायामाने वा पदार्थाने नेमका हाच मेद वितळविता येतो, अशी समजूत रूढ आहे. तिला शरीरक्रियाविज्ञानाचा आधार नाही. हा मेद कमी होण्यासाठी शरीरातील एकूण मेद कमी व्हावा लागतो आणि ते मुख्यतः आहारावर अवलंबून असते. स्नायू टिकविणे, हृदय व रक्तवाहिन्या कार्यक्षम ठेवणे आणि उतरलेले वजन पुन्हा वाढू न देणे, ही व्यायामाची प्रमुख कार्ये होत.

मेदाचा संचय व विमोचन : आहारातून मिळणारी व तत्काळ खर्च न होणारी ऊर्जा मेदकोशिकांत ट्रायग्लिसराइडांच्या रूपाने साठते. ऊर्जेची निकड निर्माण झाली म्हणजे ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांच्या प्रभावाने ट्रायग्लिसराइडांचे विघटन होऊन वसाम्ले रक्तात उतरतात आणि स्नायू, हृदय इ. अवयवांत त्यांचे ऑक्सिडीभवन होते. जेवणानंतर रक्तात वाढणारे इन्शुलीन हे विघटन रोखते. जळलेल्या मेदाचा बहुतांश भाग श्वासावाटे कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने बाहेर पडतो. १० किग्रॅ. मेदाचे पूर्ण ऑक्सिडीभवन झाल्यास सु. ८·४ किग्रॅ. भाग कार्बन डाय-ऑक्साइड होऊन व उरलेला पाणी होऊन बाहेर जातो. त्यामुळे घाम अधिक आल्याने मेद अधिक जळतो, हे खरे नाही. घामाने उतरलेले वजन पाणी प्यायल्यावर भरून येते.

मेदकोशिकांच्या पृष्ठावर ॲड्रेनॅलिनाला प्रतिसाद देणारे दोन प्रकारचे ग्राही असतात. बीटा ग्राही मेदाच्या विघटनास चालना देतात, तर आल्फा–२ ग्राही त्यास आवर घालतात. नितंब व मांड्या यांच्या मेदात, विशेषतः स्त्रियांमध्ये, आल्फा–२ ग्राहींचे प्राबल्य असते आणि तेथील रक्तपुरवठाही तुलनेने मंद असतो. उदरगुहेतील आंत्रांभोवतीचा मेद याउलट लवकर विघटन पावतो. मधुमेह व हृद्‌रोग यांच्या दृष्टीने हाच मेद अधिक घातक असल्याने, कंबरेची वळी दिसेनाशी होण्यापूर्वीच प्रकृतीला मोठा लाभ झालेला असतो.

एखाद्या अवयवाच्या व्यायामाने त्याच अवयवावरील मेद घटत नाही, हे टेनिसपटूंच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. सतत वापरात असलेल्या हाताचे स्नायू अधिक पुष्ट होते. परंतु दोन्ही हातांवरील त्वचेखालच्या मेदाची जाडी सारखीच होती. पोटाच्या व्यायामांनी पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांवरील मेद मात्र शरीराच्या एकूण हिशेबानेच उतरतो.

भारतीयांची शरीररचना : मेदनिवारणाचा विचार महाराष्ट्रात करताना एक बाब ध्यानी घ्यावी लागते. भारतीय व्यक्ती दिसण्यात सडपातळ असूनही तिच्या शरीरात मेदाचे प्रमाण जास्त असू शकते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात, तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. आढळले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते सु. ३·५ किग्रॅ. होते. भारतीय अर्भकांचे स्नायू व उदरातील इंद्रिये लहान होती, परंतु त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. याज्ञिक व लंडन येथील जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक (वजनाच्या किग्रॅ. अंकास उंचीच्या मीटरमधील अंकाच्या वर्गाने भागून येणारी संख्या) २२·३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात मेद ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१·२ टक्के होता.

या कारणाने भारतीयांसाठी निर्देशांकाच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या आहेत. २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. यांहून अधिक नसावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी २८·६ टक्के व्यक्तींत सर्वसाधारण स्थूलता, तर ३९·५ टक्के व्यक्तींत उदरस्थूलता आढळली. अशा स्थितीत वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी अधिक विश्वसनीय ठरते. कृश हातापायांच्या व सुटलेल्या पोटाच्या व्यक्तीने केवळ उपाशी राहून वजन उतरविल्यास मुळात कमी असलेले स्नायू आणखी घटतात.

ऊर्जेचा हिशेब : एक किग्रॅ. मेद ऊतकात सु. ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठविलेली असते. व्यायामाने होणारा खर्च या मानाने किती अल्प असतो, हे नाशिक परिसरातील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वर येथे हजारो लोक ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतात. तिची लहान फेरी सु. २० किमी. आहे. चालताना विश्रांतीच्या तुलनेत दर किग्रॅ. वजनामागे व दर किमी. अंतरास अर्धी किलोकॅलरी किंवा थोडी अधिक ऊर्जा लागते. म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस पूर्ण फेरीत, चढउतार जमेस धरून, सु. ६०० ते ८०० किलोकॅलरी जादा खर्च येतो. हा खर्च सु. १०० ग्रॅ. मेद ऊतकाइतका होतो. फेरीच्या दिवशी उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाट्याचे पदार्थ व गोड चहा पुन्हापुन्हा घेतल्यास हा खर्च सहज भरून निघतो. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च असून त्यात प्रथिन नाममात्र असते. धार्मिक उपवास व ऊर्जेची तूट या भिन्न गोष्टी होत.

आहाराची निवड : दररोज सु. ४०० ते ५०० किलोकॅलरींची तूट बहुतेक प्रौढांस झेपते. तिचा मोठा भाग आहारातून साधणे सोपे असते. एक मोठा चमचा (१५ मिलि.) तेलात सु. १२० किलोकॅलरी असतात. तेवढ्या खर्चण्यास ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस अर्ध्या तासाहून अधिक काळ भरभर चालावे लागते. यास्तव फोडणीचे व तळणीचे तेल, साखर, फरसाण व बेकरीचे पदार्थ यांत प्रथम कपात करावी.

दुसरी बाब प्रथिनांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास दर किग्रॅ. वजनामागे रोज ०·८३ ग्रॅ. प्रथिन लागते. ऊर्जेची तूट असताना स्नायू टिकविण्यासाठी हे प्रमाण १·२ ते १·५ ग्रॅ. असावे, म्हणजे ६० किग्रॅ. वजनास ७२ ते ९० ग्रॅ. भात-वरण-पोळी-भाजीच्या नेहमीच्या जेवणातून ते क्वचितच मिळते. वाटीभर पातळ वरणात तुरीची डाळ सु. २५–३० ग्रॅ. व तीतून मिळणारे प्रथिन सु. ६ ग्रॅ. एवढेच असते. एका अंड्यात सु. ६ ग्रॅ., २५० मिलि. दुधात सु. ८ ग्रॅ. आणि ५० ग्रॅ. कोरड्या सोयावड्यांत सु. २५ ग्रॅ. प्रथिन असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिन वाढविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

नाशिक जिल्ह्यातील अन्नपदार्थांचा या दृष्टीने विचार उद्‌बोधक ठरतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडील तालुक्यांत नागली व वरई, तर पूर्वेकडे बाजरी पिकते. या धान्यांच्या पिठातील ऊर्जा गव्हाच्या पिठाहून फारशी कमी नसते. मात्र नागली व बाजरी यांतील तंतूंमुळे पोट लवकर भरते आणि भाकरी तेलावाचून भाजली जाते. नाशिकच्या प्रसिद्ध मिसळीतील मोड आलेली मटकी प्रथिनांचा चांगला स्रोत आहे. तिच्यावरील तर्री, फरसाण व सोबतचे पाव यांनी ऊर्जा वाढते. निफाड व दिंडोरी भागांतील द्राक्षे पाणीदार असल्याने बेताने खाण्यास हरकत नाही. बेदाण्यांत तीच साखर सु. चौपट दाट झालेली असते.

भोजनकालाचे नियमन : दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी व्याख्यानांतून मांडली व पुढे जगन्नाथ दीक्षित यांनी तिचा सर्वत्र प्रसार केला. तीनुसार प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावयाचे व रोज ४५ मिनिटांत ४·५ किमी. चालावयाचे असते. वारंवार इन्शुलीन स्रवू नये, हे तिच्यामागील तत्त्व सांगितले जाते. अधूनमधून खाणे आपोआप थांबते, ही या पद्धतीची व्यावहारिक सोय होय. तथापि केवळ वेळेच्या बंधनाने विशेष लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही. चीनमधील १३९ स्थूल व्यक्तींवरील वर्षभराच्या चाचणीत (२०२२) दोन्ही गटांस सारख्याच कमी ऊर्जेचा आहार दिला होता. त्यांपैकी आठ तासांच्या मर्यादेत जेवणारा गट आणि वेळेचे बंधन नसलेला गट यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून जी पद्धत दीर्घकाळ पाळता येईल, ती निवडावी. इन्शुलीन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी जेवणे परस्पर कमी करणे धोक्याचे असते. औषधाची मात्रा तशीच राहिल्यास रक्तशर्करा एकाएकी घटून शुद्ध हरपू शकते. गर्भवती व स्तन्यदा स्त्रियांनीही असे प्रयोग करू नयेत.

व्यायामाची निवड : मंद व्यायामात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा मेदातून येतो, तर तीव्र व्यायामात तो कार्बोहायड्रेटांतून येतो. यावरून मंद गतीनेच मेद घटतो, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. कारण दिवसभराचा हिशेब पाहता व्यायामात जे इंधन कमी वापरले जाते, ते पुढील काही तासांत अधिक वापरले जाऊन समतोल साधतो. उपाशीपोटी व्यायाम करण्याबाबतही हेच दिसते. २० तरुण स्त्रियांवरील चार आठवड्यांच्या प्रयोगात (२०१४) समान आहार असता उपाशीपोटी व खाऊन व्यायाम करणाऱ्या गटांच्या मेदघटीत फरक आढळला नाही. थोड्या वेळाच्या तीव्र व मंद टप्प्यांच्या आलटून-पालटून केलेल्या व्यायामाने वेळेची बचत होते. मेद मात्र सलग मध्यम व्यायामाइतकाच घटतो.

तेव्हा निवड वय, सांधे, हृदयाची स्थिती व उपलब्ध वेळ यांवरून करावी. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, सायकल चालविणे किंवा पोहणे हा सर्वसाधारण पाया होय. पांडवलेणीसारख्या टेकडीचा चढ धावण्याचा आघात टाळून हृदयगती वाढवितो. उतरताना मात्र गुडघ्यांवर ताण येतो. नाशिकचे हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सु. ४,८०० किमी. सायकल-शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा स्पर्धांत श्रमाच्या प्रमाणात भरपूर अन्न घ्यावे लागते. स्पर्धकाचा आहार सामान्य व्यक्तीने मेदनिवारणासाठी अनुसरू नये. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा जोर, बैठका किंवा वजने उचलणे आवश्यक असते, कारण तूट असताना स्नायू टिकवून धरण्याचा संदेश शरीरास अशाच व्यायामातून मिळतो. चाळिशीनंतर प्रथमच तीव्र व्यायाम आरंभिणाऱ्यांनी, तसेच छातीत दुखणे वा धाप लागणे ही लक्षणे असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

मंदावणारी घट : काही आठवड्यांनंतर वजन उतरणे मंदावते. लहान झालेल्या शरीरास कमी ऊर्जा पुरते, विश्रांतावस्थेतील चयापचय अपेक्षेपेक्षाही थोडा घटतो, नकळत होणारी हालचाल कमी होते आणि भूक वाढते. अमेरिकेत १९४४–४५ मध्ये अँसेल कीझ यांनी ३६ पुरुषांवर केलेल्या अर्धउपासाच्या प्रयोगात हे बदल तीव्र स्वरूपात दिसले. त्यांच्या मनात अन्नाचेच विचार घोळत असत व औदासीन्य येई. अशा वेळी आहार आणखी तोडणे किंवा व्यायाम दुप्पट करणे हा हट्टी चरबीवरील उपाय नव्हे. आठवड्यास वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट राखावी, झोप पुरेशी घ्यावी, आणि दोन-तीन महिन्यांनी काही आठवडे तूट थांबवून वजन स्थिर ठेवावे. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा, सकाळी, एकाच ठिकाणी मोजावा. सुरक्षित मर्यादेत घेर आल्यावरही नितंब-मांड्यांवर थोडा मेद उरल्यास तो शरीराच्या स्वाभाविक ठेवणीचा भाग समजावा. त्यासाठी प्रकृती पणाला लावण्याचे कारण नसते.